कौटुंबिक विमान : आसने आणि वजन

अमेरिकेत कौटुंबिक प्रवासासाठी खाजगी विमान घेणारा गृहस्थ प्रथम आसने मोजतो. वस्तुतः त्याने वजन मोजावयास हवे. १९५५ साली प्रथम उडालेले ‘सेस्ना १७२’ हे चार आसनांचे विमान याचे उत्तम उदाहरण होय. त्याच्या ‘१७२ एस’ या प्रकारास उड्डाणसमयी सुमारे १,१५७ किलोग्रॅमपर्यंत वजनाची अनुज्ञा आहे. पैकी सुमारे ७५५ किलोग्रॅम रिकाम्या विमानाचे व १४५ पूर्ण भरलेल्या इंधनाचे. म्हणजे माणसे व सामान यांसाठी २५७ एवढेच उरतात. आईवडील व दोन लहान मुले यांस ते पुरतात. तीच मुले मोठी झाली, की चौघांचेच वजन या मर्यादेपलीकडे जाते. मग इंधन कमी घेऊन पल्ला आखडावा लागतो. तसे न केल्यास, विशेषतः कोलोराडोसारख्या उंच प्रदेशातील उन्हाळ्याच्या विरळ हवेत, विमान पुरेसे चढत नाही व सर्वांचेच प्राण संकटात येतात. शिवाय वार्षिक तपासणी व विमानगृहाचे भाडे हे खर्च उड्डाणे थोडी झाली म्हणून कमी होत नाहीत. यास्तव विमान निवडताना पुढील दहा वर्षांतील कुटुंबाचे वजन आजच हिशेबात धरणे इष्ट होय.