चूक मुलाची की परीक्षकाची?

वर्गात शुद्धलेखन घालताना शिक्षकांनी नुसता ‘दिन’ हा शब्द उच्चारला तर काय होईल? काही मुले ‘दिन’ लिहितील, काही ‘दीन’. पहिल्याचा अर्थ दिवस, दुसऱ्याचा गरीब. रोजच्या बोलण्यात दोन्हींचा उच्चार आपण जवळजवळ सारखाच करतो. ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा, यांचीही तीच गत. मग ‘दीन’ लिहिणाऱ्या मुलाची चूक धरायची का?

वर्गात अशा वेळी फार तर एखादा गुण इकडचा तिकडे होतो. पण एकाच चुकीने मूल स्पर्धेतून बाद होणार असेल, तर? मग चूक नक्की मुलाचीच आहे, शब्द देणाऱ्याची किंवा ऐकणाऱ्याची नाही, याची खात्री करून घ्यावी लागते. ही खात्री कशी करायची, याचा शंभर वर्षांचा अनुभव अमेरिकेतील ‘नॅशनल स्पेलिंग बी’ या स्पर्धेपाशी आहे. तो आपल्यालाही उपयोगी पडेल, असे आम्हांला वाटते.

इथल्या ‘बी’चा अर्थ मधमाशी नव्हे. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकत्र जमून एखादे काम उरकायचे, या अमेरिकन खेड्यांतील जुन्या रीतीला ‘बी’ म्हणत. आपल्याकडे इर्जिक असते तसेच. राष्ट्रीय पातळीवरील स्पर्धा १९२५ साली नऊ वृत्तपत्रांनी मिळून सुरू केली. अंतिम फेरीत नऊच मुले होती. जिंकणारा मुलगा अकरा वर्षांचा होता आणि त्याचा शेवटचा शब्द होता ‘ग्लॅडिओलस’. हे फूल आज आपल्या फूलबाजारातही दिसते. १९४१ पासून स्क्रिप्स या वृत्तपत्रसमूहाने स्पर्धेची धुरा घेतली. १९४३ ते १९४५ ही युद्धाची वर्षे आणि २०२० हे साथीचे वर्ष सोडले, तर ती दरवर्षी होत आली आहे. शाळा, मग विभाग, अशा पायऱ्या चढत आठवीपर्यंतची दोन-अडीचशे मुले राष्ट्रीय स्पर्धेला येतात. १९८५ साली बालू नटराजन हा पहिला भारतीय वंशाचा विजेता ठरला. पुढे तर भारतीय वंशाच्या विजेत्यांची रीघच लागली.

स्पेलिंग अवघड का?

इंग्रजीत ध्वनी चाळिसाच्या वर आणि अक्षरे सव्वीस. त्यातून फ्रेंच, लॅटिन, ग्रीक, जर्मन आणि कितीतरी भाषांमधले शब्द येताना आपापली लेखनपद्धती घेऊन आले. म्हणून नुसता उच्चार ऐकून स्पेलिंग ठरत नाही. पण उच्चाराच्या जोडीला शब्दाचे मूळ कळले, तर पुष्कळदा ठरते. ‘फ’ ऐकू आला आणि शब्द ग्रीक असला, तर तिथे बहुधा ‘पी-एच’ असणार. ‘श’ ऐकू आला आणि शब्द फ्रेंच असला, तर ‘मशीन’मधल्यासारखे ‘सी-एच’ असण्याचा संभव मोठा. तेच ‘सी-एच’ ग्रीक शब्दात ‘क’चे काम करते, जसे ‘केमिस्ट्री’त. सर्वांत फसवा असतो तो आघात नसलेला पुसट ‘अ’. तो पाचांपैकी कोणत्याही स्वराने लिहिलेला असू शकतो. तिथे कान हात टेकतात आणि शब्दाची व्युत्पत्तीच उपयोगी पडते.

म्हणजे चांगला स्पर्धक पाठांतरावर विसंबत नाही, तो तर्क करतो. स्पर्धेच्या नियमांचा रोख मुलाला तर्क करायला पुरेसा पुरावा देण्याकडे आहे.

मंचावर काय घडते?

मुलासमोर शब्द उच्चारणारी एक व्यक्ती बसते. तिला आपण शब्दोच्चारक म्हणू. २००३ पासून हे काम करणारे जॅक बेली स्वतः १९८० चे विजेते आहेत. शब्द ऐकल्यावर मूल त्यांना प्रश्न विचारू शकते: पुन्हा उच्चार कराल का? आणखी एखादा उच्चार आहे का? अर्थ काय? शब्द नाम आहे की क्रियापद? कोणत्या भाषेतून आला? वाक्यात वापरून दाखवाल का? एखादा मूळ धातू सुचवून ‘तो यात आहे का’ असेही विचारता येते. ‘दिन’ आणि ‘दीन’चा घोळ इथे एका वाक्याने मिटला असता.

वेळ मोजका असतो. सांगायला सुरुवात केल्यावर मूल पुन्हा पहिल्यापासून सांगू शकते, मात्र एकदा तोंडातून गेलेली अक्षरे किंवा त्यांचा क्रम बदलता येत नाही. चूक झाली की परीक्षक घंटा वाजवतात आणि बरोबर स्पेलिंग सांगितले जाते. एखाद्या फेरीत उरलेले सगळेच चुकले, तर कोणीच बाद होत नाही. २०२५ साली तिघे उरले असताना दोघे चुकले. तिसऱ्याला ‘कॉमेलिना’ हा शब्द आला. आपल्या शेताच्या बांधावर उगवणाऱ्या केन्याच्या प्रजातीचे हे नाव. घाईत त्याने सुरुवातच ‘के’ने केली आणि तोही चुकला. तिघेही पुढच्या फेरीत गेले. शेवटी जिंकला मात्र तोच, फैझान झाकी.

प्रमाण कोणते मानायचे?

दोन जाणकारांचे मत वेगळे पडले तर? यासाठी वेबस्टरचा साडेचार लाखांहून अधिक नोंदींचा बृहद् शब्दकोश आधीच प्रमाण म्हणून जाहीर केलेला असतो. २०१३ साली विजेत्याचा शब्द होता ‘क्नेडल’. यिडिश भाषेतून आलेला हा शब्द म्हणजे सुपात सोडण्याचा एक प्रकारचा गोळा. यिडिशच्या अभ्यासकांची पसंती वेगळ्या स्पेलिंगला आहे, अशी चर्चा लगेच सुरू झाली. पण निकालाला त्याने बाधा आली नाही, कारण कोशात काय आहे एवढाच प्रश्न होता. कोश सर्वज्ञ नसतो. पण सर्वांना आधी ठाऊक असलेली एकच फूटपट्टी वापरली, तर मोजमाप सर्वांना सारखे होते.

तरी कान उरतातच. इंग्रजीतील ‘ए’ आणि ‘ई’ ही अक्षरनामे घाईत सहज गफलत करतात. १९८३ साली एका मुलाने ‘एकोलेलिया’ या शब्दात एक अक्षर चुकीचे सांगितले. परीक्षकांनी ते बरोबर ऐकले आणि त्याला पुढे जाऊ दिले. मुलाने स्वतःच परीक्षकांकडे जाऊन आपली चूक सांगितली आणि तो बाद झाला. ऐकलेले शब्द पुन्हा पुन्हा उच्चारत राहणे, असा या शब्दाचा अर्थ आहे!

सगळेच बरोबर आले तर?

२०१९ साली एक वेगळीच अडचण आली. आठ मुले काही केल्या चुकेनात. विसाव्या फेरीअखेर आठही जणांना विजेते घोषित करावे लागले. मुलांच्या दृष्टीने ही कौतुकाची गोष्ट, पण मोजमापाच्या दृष्टीने फूटपट्टी तोकडी पडली. ज्या प्रश्नपत्रिकेत सर्वांना शंभर गुण मिळतात, ती कोण किती पुढे आहे हे सांगू शकत नाही.

म्हणून २०२१ पासून मंचावर शब्दार्थाची फेरी आली आणि शेवटच्या बरोबरीसाठी एक नवी कसोटी ठेवली गेली. दीड मिनिटात जास्तीत जास्त शब्दांची बरोबर स्पेलिंगे सांगायची. शब्दांची यादी सर्वांना तीच असते, म्हणून एकाचे चालू असताना दुसऱ्याला ते ऐकू येणार नाही अशी व्यवस्था करतात. २०२२ साली हरिणी लोगनने या कसोटीत २१ शब्द बरोबर सांगितले, तिच्या प्रतिस्पर्ध्याने १५.

परीक्षक चुकले तर?

खरे पाहता हरिणी त्या रात्री आधीच बाद झाली होती. शब्दार्थाच्या फेरीत ‘पुल्युलेशन’ या शब्दाला दिलेल्या पर्यायांपैकी तिने पक्ष्यांचे घरटी करणे हा निवडला. अपेक्षित उत्तर मधमाश्यांचे झुंडीने जमणे हे होते. घंटा वाजली, ती मंचावरून उतरली. पण परीक्षकांनी कोश पुन्हा तपासला. वीण होणे, वाढणे असाही त्या शब्दाचा अर्थ निघत होता. तिचे उत्तरही ग्राह्य होते. तिला परत बोलावले गेले आणि पुढे ती जिंकली.

याच स्पर्धेतील १९३६ ची हकिकत याच्या नेमकी उलट आहे. ओहायो राज्यातील अॅक्रन गावची तेरा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी मॅकनोलिया कॉक्स अंतिम पाचांत पोचली. तेव्हाच्या वर्णभेदामुळे इतर स्पर्धकांच्या हॉटेलात तिला राहता आले नव्हते. तिला शब्द दिला गेला ‘नेमेसिस’. त्या काळच्या कोशात ते ग्रीक देवतेचे विशेषनाम होते आणि विशेषनामे स्पर्धेत वर्ज्य होती. तिच्या बाजूच्या मोठ्यांनी हरकत घेतली, परीक्षकांनी ती फेटाळली. ती बाद झाली. अमेरिकेतील पहिली कृष्णवर्णीय विजेती, झायला अवान्त-गार्द, त्यानंतर थेट २०२१ साली झाली.

नियम दोन्ही वेळा लेखी होता आणि कोश दोन्ही वेळा हाताशी होता. फरक पडला तो हरकत ऐकून घेण्याच्या तयारीत.

आपल्या शाळेत

देवनागरीत एकेक अक्षर तोंडी सांगण्याचा प्रकार सोयीचा नाही. मराठी स्पर्धा लेखीच घ्यावी. शब्दांची यादी आधी करावी, प्रत्येक शब्द कोशात आणि मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांशी ताडून पाहावा. (त्यांपैकी चौदा नियम १९६२ चे आणि चार १९७२ चे.) प्रत्येक शब्दासाठी एक वाक्य तयार ठेवावे आणि मुलांना अर्थ विचारण्याची मुभा द्यावी. निकालानंतर हरकतीसाठी दहा मिनिटे राखून ठेवावीत आणि हरकत घेणाऱ्या मुलासमोरच कोश उघडावा. स्पर्धा संपल्यावर कोणता शब्द किती मुलांचा चुकला, हेही मोजावे. एखादा शब्द वर्गातल्या बहुतेकांचा चुकला असेल, तर तो आपण नीट उच्चारला होता का, किंवा मुळात शिकवला होता का, हे आधी पाहायला हवे.