मोठ्या झाडांची छाटणी

पेणहून रोह्याकडे जातांना दोन्ही बाजूंच्या टेकड्यांकडे लक्षपूर्वक पाहिल्यास ऐन व किंजळ यांचीं कांहीं झाडें उंच खांबांसारखीं दिसतात. खोड जाड, परंतु फांद्या आंखूड व झुपक्यांनीं फुटलेल्या. हा आकार पिढ्यानपिढ्या चाललेल्या कोयत्याचा आहे. मोठें झाड न पाडतां, त्यावर चढून हातच्या हत्यारानें त्याच्या फांद्या उतरविणें ही आमच्या जिल्ह्यांतील फार जुनी विद्या होय. ती कशी चालते, तिच्यांत झाडाचें हित कोठें व अहित कोठें, आणि चढणाऱ्यानें आपल्या जिवास कसें जपावें, हें ह्या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ह्या विद्येचें मूळ भातशेतींत सांपडतें. रोपाच्या जागेवर शेण, टहाळ, गवत व पालापाचोळा यांचे थर पसरून वर माती घालावयाची, व पावसाळ्यापूर्वीं तें सर्व जाळावयाचें, ह्यास राब म्हणतात. त्यासाठीं लागणारा टहाळ ऐन-किंजळांवरून उतरवून व भारे बांधून वाळत ठेवितात. राबामुळें तणाचें बीं मरतें, राखेचें खत मिळतें व रोप जोमदार होतें. डॉ. हॅरॉल्ड मॅन, जोशी व कानिटकर ह्या संशोधकांनीं १९१२ सालीं राबाविषयीं शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला. राखेबरोबरच मातीला लागणारी आंचहि रोपास उपकारक होते, हें अशा अभ्यासांतून ध्यानांत आलें. ह्याच टहाळावरून पूर्वीं लोक व जंगलखातें यांच्यांत मोठा तंटा होता. ठाणें व कुलाबा ह्या जिल्ह्यांतील जंगलविषयक गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठीं मुंबई सरकारला १८८५ सालीं आयोग नेमावा लागला. त्या कुलाब्यासच १९८१ पासून रायगड जिल्हा असें नांव आहे. आतां रासायनिक खतांमुळें राब पुष्कळ कमी झाला. तथापि झाडावर चढणारे कुशल हात अद्यापि गांवोगांवीं आहेत.

कातकरी किंवा ठाकूर गडी झाडावर चढतांना पाहण्यासारखा असतो. कमरेस लांकडी आकडी बांधलेली असते व तींत कोयता अडकविलेला असतो. त्यामुळें चढण्यास दोन्ही हात मोकळे राहतात. मनगटाहून बारीक फांदीस कोयता उत्तम. त्याहून जाड फांदी मात्र करवतीनेंच कापावी; कारण कोयत्याच्या घावांनीं जाड फांदी अर्धवट तुटते, आपल्या भारानें खालीं कलते, आणि तिच्याबरोबर खोडाची साल हात दोन हात सोलली जाते.

साल सोलली म्हणजे काय बिघडतें, असें कोणी विचारील. आपल्या अंगावरची जखम नव्या मांसानें भरून येते. झाडाचें तसें नाहीं. कुजलेलें लांकूड झाड पुन्हां निरोगी करूं शकत नाहीं. तें त्या भागाभोंवतीं जणूं भिंती उभारून कुज कोंडून ठेवितें व वरून नवें लांकूड वाढवून जखम झांकतें. अमेरिकेच्या वनखात्यांतील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो (१९३०–२००६) यांनीं असंख्य खोडें उभीं चिरून ही गोष्ट जगापुढें मांडली. फांदी जेथें खोडास मिळते तेथें एक फुगीर कडें असतें. झांकण्याचें काम त्या कड्यांतून चालतें. म्हणून खोडाला अगदीं घांसून कापूं नये, कारण तें कडेंच नाहींसें होतें. आणि लांब खुंटहि ठेवूं नये, कारण तो कुजून कुज आंत नेतो. कापलेल्या जागीं डांबर फांसण्याची चाल आहे. परंतु त्यानें कुज थांबत नाहीं, असें प्रयोगांतीं दिसून आलें आहे.

जाड फांदी तीन कापांनीं उतरवावी. प्रथम खोडापासून हातभर अंतरावर, खालच्या बाजूनें, जाडीच्या चौथ्या हिश्शाइतका काप घ्यावा. नंतर त्याच्यापुढें चार बोटें, शेंड्याकडे, वरून कापावें. फांदी मोडून पडते, पण साल खालच्या कापापाशींच तुटते. उरलेला खुंट तिसऱ्या कापानें कड्याच्या किंचित् बाहेरून काढावा. प्रथम वाळलेल्या, रोगट व एकमेकींवर घांसणाऱ्या फांद्या घ्याव्या. जून झाडाची एकंदर पालवी एका वेळीं चौथ्या हिश्शाहून अधिक कधींहि उतरवूं नये. पानें हेंच त्याचें अन्न शिजविण्याचें ठिकाण आहे.

हा विचार आज विशेष अगत्याचा झाला आहे. ३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ आमच्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलें व असंख्य झाडें उन्मळून पडलीं. अशा संकटानंतर भीतीनें झाडाचा शेंडाच छाटून टाकावा, असें कित्येकांस वाटतें. परंतु शेंडा छाटलेल्या झाडास कापाच्या कडेला जे धुमारे येतात, त्यांची पकड वरवरची असते. धुमारे जड होतात, खालीं कुज वाढते, आणि कांहीं वर्षांनीं तेंच झाड घरास पूर्वींपेक्षां अधिक धोक्याचें होतें. राबाच्या ऐनाची गोष्ट वेगळी: तेथें कोंवळे धुमारे वरचेवर उतरवितात, ते जड होण्यास अवधीच मिळत नाहीं. अंगणांतील आंब्यास वा चिंचेस तो नियम लावूं नये.

आतां चढणाऱ्याविषयीं. ओली साल निसरडी असते, म्हणून पावसांत चढूं नये. चढण्यापूर्वीं वाळक्या फांद्या, ओंबिलांचीं व पक्ष्यांचीं घरटीं आणि आग्यामोहोळ खालूनच हेरावें. विजेची तार जवळ असल्यास वीज कंपनीकडून प्रवाह बंद केल्यावांचून कोणीहि झाडास हात लावूं नये. वरच्या जिवंत व जाड बेचक्यांतून दोर घेऊन तो अंगाच्या पट्ट्यास बांधावा, व कापतांना दुसरा आंखूड दोरहि खोडाभोंवतीं असावा. हत्यार वर फेंकूं नये, दोरीनें ओढून घ्यावें. खालीं एक जाणता मनुष्य असावा, व इतरांनीं फांदी पडेल त्या जागेपासून दूर राहावें. मुलांनीं हें काम पाहून शिकावें. स्वतः करूं नये.

पेण व रोहें ह्या शहरांस १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे. म्हणून हद्दींतील झाड छाटण्यापूर्वीं नगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी.

पालकांस आमची एक विनंति आहे. झाड छाटण्यास गडी बोलावितांना मजुरीची घासाघीस करितां, तशीच त्याच्या दोराचीहि चौकशी करा. दोर नसेल तर तो आपण आणून द्या. दोराची किंमत थोडी. त्यावांचून पडलेल्या गड्याच्या घरीं जें नुकसान होतें तें मात्र कशानेंहि भरून निघत नाहीं.