संकेतस्थळ म्हणजे दुकानदाराचे बोलणे

तंबोऱ्याचे गाव म्हणून मिरजेचे नाव देशभर आहे. दीडशेहून अधिक वर्षे तिथल्या सतारमेकर घराण्यांत हे काम बापाकडून मुलाकडे चालत आले आहे. पंढरपूर-मंगळवेढा भागातला मोठा भोपळा, तुणीच्या लाकडाची दांडी आणि जवारी लावणारा हात, एवढ्यावर हा व्यवसाय उभा आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. मानांकनामुळे नकली मालाविरुद्ध दाद मागता येते. पण अस्सल माल कोणत्या गल्लीत, कोणत्या कारागिराकडे मिळतो, हे मानांकन सांगत नाही. ते ज्याचे त्यालाच सांगावे लागते.

पूर्वी हे सांगण्याचे काम गवई करत. आज लंडनमध्ये गाणे शिकणारी मुलगी रात्री अकरा वाजता मोबाइलवर ‘मिरज तानपुरा’ असे शोधते. त्या वेळी जो तिला नीट उत्तर देईल, त्याच्याकडे ती जाईल. उत्तर देणारा बहुधा मोठ्या शहरातला व्यापारी असतो. वाद्य मिरजेचे, पण नाव दुकानाचे! छोट्या व्यावसायिकाला स्वतःचे संकेतस्थळ, म्हणजेच वेबसाइट, का हवी याचे कारण एवढेच आहे. मिरजेचे उदाहरण घेतले, पण गोष्ट कोल्हापुरी चपलांची, येवल्याच्या पैठणीची किंवा नाक्यावरच्या पंप दुरुस्तीवाल्याचीही हीच आहे.

आता ही वेबसाइट कशी असावी? मित्रहो, बहुतेक संकेतस्थळे उघडली की आधी ‘आपले सहर्ष स्वागत’ येते. मग ‘गुणवत्ता हाच आमचा ध्यास’ आणि ‘ग्राहक हाच आमचा देव’. चित्रे गोल गोल फिरतात. पण त्या मुलीचे प्रश्न वेगळेच असतात. काळी पाचला लागणारा जनानी तंबोरा आहे का? किंमत किती? ऑर्डर दिल्यावर किती आठवडे लागतील? विमानातून पाठवताना भोपळा फुटला तर नुकसान कोणाचे? जवारी उतरली तर पुन्हा लावून द्याल का? या प्रश्नांना ‘उत्कृष्ट’ आणि ‘दर्जेदार’ ही उत्तरे नव्हेत. कविता लिहिणाऱ्याला एक गोष्ट अनुभवाने कळते: विशेषणे वाढली की वस्तू दिसेनाशी होते. दुकानाचेही तसेच आहे.

म्हणून संगणकाजवळ बसण्याआधी एक साधी वही घ्यावी. पंधरा दिवस दुकानात आणि फोनवर गिऱ्हाईक जे विचारते ते त्याच्याच शब्दांत लिहून काढावे. जे दहा प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची सरळ उत्तरे म्हणजे तुमची वेबसाइट. हे लिखाण दुसऱ्या कोणाला जमणार नाही. वेबसाइट बनवणाऱ्या मुलाला संगणक कळतो, जवारी कळत नाही.

लिखाण झाले की मांडणी. पत्ता, फोन नंबर आणि दुकानाची वेळ पहिल्याच पानावर ठळक हवी. फोटो आपल्याच कारखान्याचे असावेत. वाळत टाकलेले भोपळे, दांडीवर चाललेले नक्षीकाम. दुसरीकडून उचललेले चकचकीत चित्र गिऱ्हाईक ओळखते. तंबोऱ्याचा अर्ध्या मिनिटाचा आवाज ऐकायला ठेवावा, पण पान उघडताच तो आपोआप वाजू नये. फोटो हलके करून चढवावेत, नाहीतर खेड्यातल्या मोबाइलवर पान उघडेपर्यंत माणूस निघून जातो. मजकूर चित्रात छापून टाकू नये, युनिकोडमध्ये अक्षरांत लिहावा. अक्षरे असली तरच शोधयंत्राला ती भरवशाने सापडतात. मराठीबरोबर इंग्रजीतही लिहावे. आणि पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ असावे. ते नसेल तर २०१८ पासून गूगलचा क्रोम अशा स्थळाला ‘असुरक्षित’ म्हणतो, आणि ते वाचून कोण थांबेल?

सुरुवातीलाच पैसे भरण्याची मोठी यंत्रणा लागतेच असे नाही. पाच-सहा पाने, एक व्हॉट्सअ‍ॅप नंबर आणि त्यावर वेळेत उत्तर देणारा माणूस, एवढ्यावरही धंदा चालतो.

सर्वात महत्त्वाची गोष्ट मात्र पानावर दिसत नाही. ती म्हणजे मालकी. वेबसाइटचे नाव, ज्याला डोमेन म्हणतात, ते विकत मिळत नाही. ठराविक मुदतीच्या भाड्याने मिळते आणि मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावे लागते. ही नोंदणी दुकानमालकाच्या नावाने आणि त्याच्याच ईमेलवर हवी. पुष्कळदा होते असे की, ओळखीचा मुलगा वेबसाइट बनवतो आणि सोयीसाठी नाव स्वतःच्या खात्यावर घेतो. पुढे तो नोकरीसाठी परगावी जातो, नंबर बदलतो, भाडे भरायचे राहून जाते. दिलेली सवलतीची मुदत टळली की ते नाव कोणीही उचलू शकतो. मग कार्डावर, पिशवीवर, वाद्याच्या पेटीवर छापलेला पत्ता दुसऱ्याच कोणाच्या दारात नेऊन सोडतो.

‘फुकट पान मिळते, मग भाडे कशाला?’ असे काही जण विचारतात. फुकटची ओसरी दुसऱ्याची असते. याहूची जिओसिटीज ही सेवा बहुतेक देशांत २००९ साली बंद झाली. ऑर्कुट २०१४ मध्ये गेले. गूगलने छोट्या व्यावसायिकांना प्रोफाइलबरोबर फुकट वेबसाइट दिली होती. मार्च २०२४ मध्ये त्या सगळ्या बंद केल्या. प्रोफाइल राहिली, वेबसाइट गेली. म्हणून नकाशावरची नोंद, इन्स्टाग्राम, फेसबुक हे सगळे जरूर वापरावे, पण आपल्या दाराकडे येणारे रस्ते म्हणून. दार आपले असावे.

सगळे तयार झाले की एक परीक्षा घ्यावी. धंद्यातले काही न कळणाऱ्या मावशीच्या किंवा मेहुण्याच्या हातात मोबाइल द्यावा आणि म्हणावे, ‘किंमत आणि फोन नंबर शोधून दाखवा.’ मिनिटभरात सापडले तर वेबसाइट जमली. नाही सापडले तर चूक त्यांची नव्हे.

आणि दर तीन महिन्यांनी ती उघडून स्वतः वाचावी. जुनी किंमत, बंद पडलेला नंबर, गेल्या दिवाळीची सवलत तशीच राहिली की गिऱ्हाइकाला दुकानच बंद पडल्यासारखे वाटते. नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवावी, दुकानभाड्याच्या आणि वीजबिलाच्या शेजारी. खर्च त्यांच्यापुढे थोडा आहे, पण त्यावर घराण्याचे नाव टिकून आहे.