प्रत्येक गाठ चरबीची नसते : सार्कोमाविषयी जाणून घेऊ या

दंडावर, मांडीवर किंवा पाठीवर एखादी गाठ हाताला लागली की आपल्या बडोद्यातल्या मराठी घरांत दोन शब्द हमखास ऐकू येतात. आजी म्हणते ‘आवाळू आहे’, आणि शेजारीण म्हणते ‘रसोळी छे’. बहुतेक वेळा दोघींचेही खरे असते, कारण अंगावरच्या बहुसंख्य गाठी चरबीच्या आणि निरुपद्रवी असतात. पण क्वचित एखादी गाठ सार्कोमाची, म्हणजे कर्करोगाची, निघते. अशा वेळी पहिले पाऊल कोणते पडते, यावर रुग्णाचा हात किंवा पाय, आणि कधी जीवही, अवलंबून असतो.

सार्कोमा म्हणजे काय?

तोंड, स्तन, गर्भाशयमुख यांचे कर्करोग आपल्या परिचयाचे आहेत. ते अवयवांच्या अस्तरातून किंवा ग्रंथींतून सुरू होतात. सार्कोमा मात्र शरीराला आकार आणि आधार देणाऱ्या भागांतून होतो : हाडे, स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या, नसांवरचे आवरण. त्याचे सत्तरहून अधिक प्रकार आहेत. प्रौढांच्या एकूण कर्करोगांत त्याचा वाटा जेमतेम १ टक्का, तर लहान मुलांच्या कर्करोगांत सुमारे १५ टक्के आहे. इतका विरळ असल्यामुळे गल्लीतल्या डॉक्टरांना आयुष्यभरात असे मोजकेच रुग्ण दिसतात, आणि म्हणूनच तो सहज नजरेतून सुटतो.

सावध केव्हा व्हावे?

गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण मोठ्या लिंबापेक्षा, मोठी असेल, दिवसेंदिवस वाढत असेल, स्नायूंच्या खाली खोलवर असेल किंवा एकदा काढूनही पुन्हा आली असेल, तर ती तज्ज्ञांना दाखवावी. गाठ दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. स्नायू-चरबीचे सार्कोमा सुरुवातीला बहुधा दुखतच नाहीत.

हाडांच्या सार्कोमाचे तसे नाही. तो बऱ्याचदा दहा ते वीस वर्षांच्या मुलामुलींत आणि विशेषतः गुडघ्याच्या आसपास होतो. ‘खेळताना लागले असेल’, ‘वाढीचे वय आहे’ असे म्हणून आपण दुर्लक्ष करतो. पण एकाच जागी आठवडेच्या आठवडे दुखत असेल, मूल रात्री दुखण्याने जागे होत असेल किंवा सूज दिसत असेल, तर एक्स-रे काढून घ्यावा. तोपर्यंत तेल लावून रगडणे आणि हाडवैद्याकडून चोळून घेणे कटाक्षाने टाळावे.

आधी तपासणी, मग शस्त्रक्रिया

या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. संशयास्पद गाठ ‘अर्ध्या तासाचे काम’ म्हणून लगेच कापून घेऊ नये. सार्कोमाभोवती एक खोटे वेष्टन असते. त्यामुळे शेंगेतून दाणा सुटावा तशी गाठ सुटून येते आणि सगळी निघाली असे वाटते. प्रत्यक्षात त्या वेष्टनात कर्करोगाच्या पेशी मागे राहिलेल्या असतात आणि रक्तस्रावाबरोबर त्या आजूबाजूलाही पसरू शकतात. मग दुसरी, कितीतरी मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. जो पाय वाचला असता, तो कधी कधी गमवावा लागतो.

योग्य क्रम असा : आधी एम.आर.आय., मग जाड सुईने तुकडा काढून बायोप्सी. सुई जिथून गेली तो मार्गही पुढच्या शस्त्रक्रियेत काढावा लागू शकतो. म्हणून बायोप्सी शक्यतो शस्त्रक्रिया करणाऱ्या चमूच्या सल्ल्यानेच व्हावी. हा रोग रक्तातून बहुधा फुप्फुसांत पसरतो, म्हणून छातीचा सी.टी. स्कॅनही करतात. तपासणीचे ब्लॉक आणि स्लाइड मागून घेऊन जपून ठेवाव्यात, दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेताना त्याच लागतात.

उपचार आणि आशा

पूर्वी हाडाच्या सार्कोमावर पाय कापणे हाच उपाय होता, आणि तरीही बहुतेक रुग्ण वाचत नसत. १९७० नंतर केमोथेरपी आली आणि चित्र पालटले. आज रोग पसरण्यापूर्वी योग्य उपचार मिळाले तर साठ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होऊ शकतात. बहुतेकांचा रोगट हाडाचा भाग काढून तिथे धातूचा सांधा बसवता येतो आणि पाय वाचतो.

आपल्या जवळ वाघोडिया तालुक्यात गोरज येथे मुनी सेवा आश्रमाचे कैलास कॅन्सर हॉस्पिटल आहे. अहमदाबादेत १९७२ पासूनची गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूट आहे, आणि मुंबईत परळला १९४१ साली सुरू झालेले टाटा मेमोरियल. कुठेही गेलात तरी एक प्रश्न जरूर विचारा : ‘इथे सार्कोमाचे रुग्ण नियमित येतात का?’

रुग्णांनी लढलेली लढाई

रुग्णांच्या संघटना काय करू शकतात, याचे मोठे उदाहरण आपल्याच देशात आहे. जठर-आतड्यांच्या भिंतीत होणाऱ्या ‘जिस्ट’ या सार्कोमावर आणि एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगावर इमॅटिनिब ही गोळी गुणकारी ठरली. नोव्हार्टिस कंपनीच्या गोळीचा खर्च महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये होता. भारतीय कंपन्यांची तीच गोळी ८ ते १० हजारांत मिळे. नोव्हार्टिसच्या पेटंटला भारतीय कंपन्यांबरोबर मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने विरोध केला. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट नाकारले आणि स्वस्त गोळीचा मार्ग खुला राहिला.

आपण काय करू शकतो?

न्यायालयापर्यंत जाण्याची गरज प्रत्येकाला नसते. पण बडोद्याहून मुंबईला निघालेल्या कुटुंबाला सोबत, माहिती आणि धीर यांची गरज नक्की असते. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री-एसी डब्यांत तिकिटावर पूर्ण सवलत मिळते, सोबत्याला ७५ टक्के. गुजरातेत आयुष्मान-मा कार्डावर कुटुंबाला वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत उपचारांचे संरक्षण आहे. मात्र ठरवलेल्या रुग्णालयात ते चालते का, हे आधी विचारून घ्यावे. मुंबईत राहण्यासाठी परळची नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा यांचा कित्येक रुग्णांना आधार झाला आहे.

जुलै हा सार्कोमा-जागृतीचा महिना मानला जातो. त्या निमित्ताने तरी घरातल्या सगळ्यांना एवढे सांगू या : वाढणारी गाठ लपवू नका, रगडू नका, आणि तपासल्याशिवाय कापून घेऊ नका.