कांद्याची चाळ : पावसाळ्याची बेगमी

थंड देशांतील शेतकरी गाजर, बटाटे, सलगम वगैरे कंदमुळें हिंवाळ्याकरितां तळघरांत सांठवितात. आपल्या बीड जिल्ह्यांत हिंवाळा हाच भाजीचा हंगाम. बेगमी करावयाची ती चैत्र-वैशाखांत, पावसाळ्याकरितां, आणि तीही मुख्यतः कांद्याची. आष्टी, पाटोदा या तालुक्यांतील बागाइतदारांस हें सांगणें नको. उन्हाळी कांदा एकदम बाजारांत येतो, भाव बसतो, आणि ज्याच्यापाशीं जागा नाहीं त्यास मिळेल त्या भावानें माल द्यावा लागतो.

प्रस्तुत लेखकानें एके वर्षीं कांदा पत्र्याच्या बंद खोलींत छातीएवढा रचला. वरून चांगला दिसे. आषाढांत वास सुटला, व उकरून पाहतां खालचा निम्मा माल सडलेला. दोष कोंडलेल्या हवेचा होता. त्याच्या आधींचा दोष शेतांतील घाईचा.

कांद्याचा टिकाऊपणा वाफ्यांतच ठरतो. खरिपाचा लाल कांदा ठेवूंच नये. रब्बींत एन-२-४-१ किंवा राजगुरुनगरच्या संशोधन केंद्राचा भीमा शक्ती हा वाण घ्यावा. लागणीनंतर ६० दिवसांपुढें नत्र देऊं नये. मान जाड होते, आणि जाड मानेंतून कूज शिरते. काढणीपूर्वीं सुमारें १५ दिवस पाणी तोडावें, व निम्म्या माना पडल्या कीं काढणी करावी. काढलेला कांदा ३ ते ५ दिवस पातीसकट असा पसरावा कीं एका ओळीची पात दुसरीच्या कांद्यांवर येईल. मग इंचभर मान ठेवून पात कापावी, व १०-१२ दिवस सावलींत सुकवावा. जोडकांदे, डेंगळे व चिंगळी माल आधींच विकून टाकावा.

चाळ साधी असावी. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, बांबूचा, फटी ठेवलेला. ढिगाची रुंदी ४ फूट, उंची ५ फुटांहून अधिक नको. एका ओळीची चाळ दक्षिणोत्तर, दोन ओळींची पूर्वपश्चिम बांधावी. पत्रा घातलाच तर त्यावर उसाचें पाचट पसरावें. झड येईल त्या बाजूस गोणपाट सोडावें, पण उघडीप होतांच वर गुंडाळावें; पुष्कळजण हेंच विसरतात. उष्णता २५ ते ३० अंश व दमटपणा ६५ ते ७० टक्के असतां कांदा सुखरूप राहतो. त्याहून दमट झाल्यास कुजतो, फार कोरडें झाल्यास वजन घटतें.

इतकें करूनही ४-५ महिन्यांत कांहीं घट येणारच. ती धरूनच भावाचा हिशेब करावा, आणि सारा माल एकाच दिवसाच्या बाजारावर टाकूं नये. नागपंचमीच्या सुमारास एक भाग काढावा, पितृपक्षाच्या आधीं दुसरा. कोंब दिसूं लागले तर उरलेला त्याच आठवड्यांत गाडींत भरावा.