घोड्याच्या पाठीवरचं शिसं

शर्यतीआधी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जॉकी आपलं खोगीर घेऊन वजनकाट्यावर बसतो. घोड्याला ५७ किलो वाहायचे असतील आणि जॉकी खोगिरासकट ५२ च भरला, तर उरलेल्या ५ किलोंचं शिसं घोड्याच्या पाठीवर चढतं. गिरगाव-लालबागच्या घरांत ‘रेस’ हा शब्द दबक्या आवाजात उच्चारला जायचा. पगार उडवून रिकाम्या खिशाने परतलेल्यांच्या हकिकती खऱ्याच होत्या, आणि त्यांतलं दुःख लहान नव्हतं. तरीही या शिशाचा हिशेब कळला नाही, तर रेस म्हणजे काय तेच कळत नाही.

मुंबईत शर्यतींचं बस्तान आधी भायखळ्याला होतं. बॉम्बे टर्फ क्लब १८०२ चा. इराणी आखातातून गलबतांनी अरबी घोडे बंदरात उतरत. पुढे ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सहून लष्करासाठी घोडे यायला लागले. त्या मुलखावरून त्यांना ‘वेलर’ म्हणत. महालक्ष्मीचं मैदान १८८३ चं, दलदलीच्या जागेवर उभं केलेलं आणि मेलबर्नच्या कॉलफील्ड रेसकोर्सच्या धर्तीवर आखलेलं. क्लबाच्या नावामागे ‘रॉयल’ लागलं १९३५ मध्ये.

आता वजनाकडे येऊ. शर्यतीतले सगळे घोडे सारख्या ताकदीचे नसतात. एकच तगडा घोडा दर आठवड्याला जिंकू लागला, तर बाकीच्यांनी धावायचं कशाला? म्हणून हँडिकॅपर नावाचा अधिकारी प्रत्येक घोड्याची मागची कामगिरी तपासून त्याला गुण देतो. याला रेटिंग म्हणतात. एका गुणाला अर्धा किलो, असा हिशेब. समजा, एका घोड्याचं रेटिंग ६० आहे आणि दुसऱ्याचं ५०. दहा गुणांचा फरक, म्हणजे पहिल्याने पाच किलो जास्त वाहायचे. घोडा जिंकला की रेटिंग चढतं आणि पुढच्या खेपेला ओझं वाढतं. हरत राहिला की उतरतं. हँडिकॅपरचं काम अचूक जमलं, तर सगळे घोडे एकाच रेषेत पोचायला हवेत! तसं होत नाही, आणि जाणकार नेमकी तीच फट शोधत असतो: कोणाचं ओझं त्याच्या आजच्या ताकदीपेक्षा हलकं आहे? घोड्यांच्या शर्यतीत कौशल्याचा भाग मोठा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटलं. मला ते पटतं ते या फटीमुळे.

डर्बीत मात्र हा न्याय बाजूला ठेवतात. फेब्रुवारीच्या सुमारास होणारी इंडियन डर्बी २४०० मीटरची, फक्त चार वर्षांच्या घोड्यांसाठी. वय सगळ्यांचं १ जानेवारीपासून मोजतात. इथे मागच्या विजयांची शिक्षा नाही. नरांना एकसारखं वजन, माद्यांना थोडी सूट, इतकंच. खरा अव्वल कोण, ते इथे ठरतं. १९४३ ची पहिली डर्बी बडोद्याच्या गायकवाड महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीने जिंकली, आणि तिच्यावर स्वार होता एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी.

शर्यतीआधी पॅडॉकमध्ये मोतद्दार घोड्याला लगाम धरून फिरवतो. ज्याला घोडा वाचता येतो, त्याने ही पाच-दहा मिनिटं चुकवू नयेत. अंगावरची चकाकी, घामाचा फेस, पावलातली लय, सगळं इथे दिसतं. मग गेट उघडतात. पुढचं सगळं दीड-दोन मिनिटांत आटोपतं.

पण निकाल अजून पक्का नसतो. नाकाएवढं अंतर असेल तर फोटो बघतात. कोणी कोणाला आडवं गेल्याची तक्रार आली, तर शर्यतीवर देखरेख ठेवणारे स्टुअर्ड चित्रफीत तपासतात. आणि जॉकी पुन्हा तेच खोगीर घेऊन त्याच काट्यावर बसतो. वजन कमी भरलं, तर जिंकलेला घोडाही बाद होऊ शकतो.

तोवर टोटचा, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटण्याच्या पैजेचा, हिशेब तयार असतो. समजा, ‘विन’वर, म्हणजे कोणता घोडा पहिला येईल यावर, एकूण एक लाख रुपये लागले. कर आणि क्लबाचा वाटा मिळून २० हजार वजा झाले, असं धरू. उरलेल्या ८० हजारांत वाटेकरी फक्त जिंकलेल्या घोड्यावर पैसे लावणारे. त्यांचे मिळून २० हजार लागले असतील, तर दहा रुपयांमागे चाळीस मिळतात. म्हणजे टोटवर लोक एकमेकांशीच खेळत असतात. ज्या घोड्यावर सगळ्यांची भिस्त, तो जिंकूनही थोडंच देतो.

काट्यावरचं वजन बरोबर भरलं, की निकाल पक्का झाल्याची खूण होते. मगच खिडकीतून पैसे मिळायला लागतात.