पंडिता रमाबाईंचे अपयश

घोडनदीकाठच्या शिरूरला अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते. आणि दौंड तालुक्यातील केडगावला पंडिता रमाबाईंनी 'मुक्ती' उभारली. पाऊस बेताचा आणि दुष्काळ पाचवीला पुजलेला, असा हा पुणे जिल्ह्याचा पूर्वभाग. रमाबाईंचे नाव निघाले की त्यांची विद्वत्ता व धैर्य यांचा गौरव होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु त्यांच्या आयुष्यातील अपयशांकडे आपण क्वचितच पाहतो. वस्तुतः शिकण्यासारखे पुष्कळसे तेथेच आहे.

1878 साली, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. 1883 मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या उद्देशाने त्या इंग्लंडला गेल्या; पण श्रवणदोषामुळे तो मार्ग बंद झाला. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा निर्णयही त्यांनी बुद्धीच्या कसोटीवर घासून घेतला होता आणि पुढेही धर्मगुरूंशी त्या निर्भयपणे वाद घालीत राहिल्या. मात्र 1907 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी एक विलक्षण कबुली दिली. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले की, आपल्याला ख्रिस्ताचा धर्म सापडला, ख्रिस्त मात्र सापडला नाही! हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त वाचताना हे भान तीव्र झाले; कारण तोही स्वतःला न गवसलेल्या गोष्टीचा उपदेश कित्येक वर्षे करीत होता. जगाने जिला सरस्वती म्हटले, तिने आपले आंतरिक दारिद्र्य स्वतःच्या लेखणीने जाहीर करावे, ही गोष्ट लहान नव्हे.

दुसरा आघात सार्वजनिक होता. 1889 मध्ये मुंबईत उघडलेले 'शारदा सदन' पुढे पुण्यास आले. तेथे धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळली जाईल, असे आश्वासन होते. बाईंच्या खोलीचे दार प्रार्थनेच्या वेळी उघडे असे आणि काही मुली तेथे येऊन बसत. त्यावरून 1893 मध्ये वादळ उठले. रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागारपदावरून दूर झाले. पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. पालकांचा संशय सर्वस्वी निराधार नव्हता; आणि स्वतःच्या घरात दार लावून प्रार्थना करावी, ही अपेक्षा बाईंना जाचक वाटली, हेही स्वाभाविक होते. न्याय कोणत्याही बाजूने करा. पुण्याच्या सुशिक्षित समाजाशी जुळलेला धागा तुटला, एवढे खरे.

अशा प्रसंगी माणूस कडवट तरी होतो किंवा खचतो तरी. अपयश आपोआप कोणालाही नम्र करीत नाही. त्यातील आपला वाटा ओळखला, तरच ते गुरू ठरते. पेत्राने आपल्या गुरूला तीनदा नाकारले, ही कथा ख्रिस्ती परंपरेने झाकून ठेवली नाही, याचे मर्म हेच होय.

बाईंची नम्रता पुढे कामातून दिसली. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली त्यांनी आणल्या आणि केडगावच्या माळावर त्यांना अन्न, अक्षर व उद्योग दिला. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे भाषांतर हाती घेतले, ते अल्पशिक्षित स्त्रीलाही समजेल अशा साध्या मराठीत. संस्कृतच्या पंडितेने पांडित्य बाजूला ठेवावे, याहून मोठा त्याग कोणता? 1921 मध्ये एकुलती कन्या मनोरमा गेली. तरीही 5 एप्रिल 1922 रोजी देह ठेवीपर्यंत त्या या कार्याला चिकटून राहिल्या.

येथे एक इशारा आवश्यक आहे. नम्रता म्हणजे लाचारी नव्हे. रमाबाई सनातन्यांपुढे झुकल्या नाहीत, तशाच बिशपांपुढेही नाहीत. त्या झुकल्या त्या केवळ सत्यापुढे.

आपल्या शाळांत, कचेऱ्यांत आणि धर्मसंस्थांतही आज केवळ यशाचे अहवाल लिहिले जातात. चुकलेले गणित फळ्यावर तसेच ठेवून 'येथे माझी चूक झाली' असे सांगणारा शिक्षक विद्यार्थ्याला गणिताहून मोठे काही शिकवतो. केडगावचा धडा ख्रिस्ती माणसापुरता नाही, तो यासाठीच.